एक्सचा चौथा घात अधिक चार

बाबांचा गणिताचा वर्ग मी बंद केला. गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. फेब्रुवारीत ते गेले, आणि मधल्या पाच महिन्यांत या विषयावर त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. का काढला नाही, ते मला या ऑगस्टात एका रविवारी दुपारी कळलं.

ते मैलापुरात राहत होते, तळ्यापासून दोन गल्ल्या आत, सकवारबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. सकवारबाईंचं घराणं तंजावरचं, त्यांची मराठी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. बाबा त्र्याऐंशी साली सांगलीहून आले, पेरांबूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. पहिली दोन वर्षं हे दोघे मराठी लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलत, असं आई सांगायची.

निवृत्त झाल्यावर, आई गेल्यावर, बाबांनी पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. अकरावी-बारावीची सहा मुलं, शनिवार-रविवार सकाळी. त्यांची एक पद्धत होती आणि ती कारखान्यातून आलेली होती. आकृती काढताना आधी फिकट पेन्सिलीने मदतीच्या रेषा मारायच्या आणि काम झालं की त्या पुसायच्या. पुसल्या नाहीत तर खालचा कारागीर त्यांनाच पत्र्याची कड समजून कापतो. बाबांनी हाच नियम गणिताला लावला. अवयव पाडताना जी मदतीची पायरी असते ती ते फळ्यावर लिहीत नसत. खडू खाली ठेवत, हात मागे बांधत आणि ती पायरी मुलांकडून तोंडाने म्हणवून घेत. जे पद हवं आहे पण समोर नाही ते बाहेरून आणायचं आणि त्याच ओळीत परत करायचं. मुलं तमिळमध्ये एका सुरात म्हणायची, "वांगु, कुडु." घे, दे. मग बाबा खडू उचलून थेट उत्तर लिहीत. मी शनिवारी गेले की स्वयंपाकघरातून ते ऐकत असे. भाजीबाजार भरल्यासारखं वाटे. ते काय घेतात आणि काय देतात, हे मी कधी विचारलं नाही.

मी नुंगंबाक्कमला एका प्रकाशन कचेरीत संपादक आहे. शाळेची इतिहास-भूगोलाची पुस्तकं माझ्या टेबलावर येतात. ताम्रपटाचं साल, नदीची लांबी, नकाशातली सरहद्द, काहीही असो, दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. नव्या लोकांना माझा त्रास होतो. गणिताची पुस्तकं मात्र दुसऱ्या टेबलावर जातात. दहावीला मला गणितात एक्केचाळीस गुण होते. बाबा रागावले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं होतं की पेपरातलं एखादं तरी गणित तुला आवडलं का. 

गेल्या वर्षी जूनपासून ते विसरू लागले. दूध गॅसवर ठेवून गच्चीत गेले. मला रुचा म्हणायच्या ऐवजी आत्याच्या नावाने हाक मारली. एकदा लोकलने घराजवळच्या तिरुमयिलैला उतरायचं सोडून तीन स्थानकं पुढे गेले आणि तिथल्या बाकावर, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे, दोन तास बसून राहिले. ऑगस्टात मेंदूचा स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू होईल, पण होत राहील. मी नुंगंबाक्कमच्या खोलीला कुलूप लावलं आणि त्यांच्याकडे राहायला आले.

वर्ग तेवढा चालू होता. फळ्यासमोर उभे राहिले की ते पूर्वीसारखेच बोलत. पण मी दर शनिवारी आतल्या खोलीत कान देऊन बसे. मुलांसमोर त्यांचं काहीतरी चुकेल, पोरं एकमेकांकडे बघून हसतील, अशी भीती मला वाटे. कुणीतरी कारण द्यावं आणि हे थांबावं, असं मला वाटत होतं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

कारण व्यंकटेशने आणलं. व्यंकटेश हा सकवारबाईंचा मुलगा, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याची मुलगी भव्या तेव्हा अकरावीत होती, इकडच्या भाषेत प्लस वनला, बाबांच्या वर्गात. बाबांना ते सगळे सार म्हणत, म्हणजे सर. एका संध्याकाळी जिन्यात त्याने मला थांबवलं. हातात भव्याची वही होती.

"अक्का, राग येऊं देऊं नका," तो म्हणाला. "सारांस बरें नाहीं तें आम्हांस ठाऊक. पण पोरीचा प्लस वन, नाहीं कां? हें पाहा."

वहीत भव्याच्या अक्षरात एका ओळीवर लिहिलं होतं, एक्सचा चौथा घात अधिक चार. त्याच्या खालच्या ओळीवर दोन कंस. मध्ये काही नाही. पहिल्या कंसात एक्सचा वर्ग, अधिक दोन एक्स, अधिक दोन. दुसऱ्यात तेच, फक्त मधलं चिन्ह वजा.

"ए स्क्वेअर प्लस बी स्क्वेअर, त्यास फॅक्टरच नाहींत अक्का," व्यंकटेश म्हणाला. "मायनस असतां तर होते. मी इंजिनिअर, एवढें मज ठाऊक. सारांनीं वाऱ्यांतून काढले हे."

"दोन ओळींच्या मध्ये काहीच नाही," मी म्हटलं.

"तेंच तर. कुठून आलें तें त्यांस तरी ठाऊक कीं नाहीं, देव जाणें."

तो वाईट माणूस नाही. बाबा तीन स्थानकं पुढे गेले त्या दिवशी त्यांना शोधून आणायला तोच गाडी घेऊन गेला होता. वही त्याने दोन्ही हातांनी दिली, मयताच्या घरी काही द्यावं तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांना सांगितलं की आता वर्ग पुरे. गणितं चुकतायत, मुलांचं नुकसान होतंय. ते जेवून पंख्याखाली बसले होते.

"कुठलं गणित?" त्यांनी विचारलं.

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा बदलला.

"हे मी सांगितलंय?"

"हो."

"आणि हे चुकलंय."

"चुकलंय बाबा."

त्यांनी त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, "तू गुणून पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. दोन कंस एकमेकांत गुणायचे, नऊ पदं येतात, दीड मिनिटाचं काम आहे. वही रात्रभर माझ्या टेबलावर होती. मला त्या अक्षरांकडे बघावंसंच वाटलं नव्हतं.

"पाहिलं," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "तू पाहिलंस म्हणजे झालं."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. उठून ओल्या फडक्याने फळा पुसला, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट. फडकं धुऊन वाळत घातलं. त्या रविवारी मुलं आली नाहीत तेव्हा ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, दहा वाजेपर्यंत पुढच्या खोलीत बसले होते. मला वाटलं विसरले असतील. मी जाऊन सांगितलं, "बाबा, आज वर्ग नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे."

पुढचं आजारपण नेहमीसारखं झालं. जानेवारीत न्यूमोनिया, फेब्रुवारीत शेवट. सकवारबाईंनी तेरा दिवस खालून जेवण पाठवलं.

ऑगस्टात मी घर आवरायला घेतलं. त्या रविवारी दुपारी भव्या वर आली. आता ती बारावीत आहे, उंच झाली आहे आणि तिचं मराठी आणखी कमी झालं आहे. ती न सांगता खोकी भरू लागली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बाबांनी हाताने लिहिलेले प्रश्नांचे कागद होते, दीड-दोनशे.

"आंटी, हे टाकणार? मला देता? आमच्या क्लासमध्ये कुणाकडे असले सम्स नाहीत."

"घेऊन जा," मी म्हटलं. "पण शेवटचे जरा बघून घे. त्यात चुका असतील."

"सारांच्या?" ती हसली. "काय आंटी."

"तुझ्याच वहीत होती की. वर्ग बंद केला त्याच्यामुळे."

तिच्या हातातले कागद तसेच राहिले. "अप्पा म्हणाले सारांना बरं नाही, म्हणून बंद."

तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. एक्सचा चौथा घात, अधिक चार. ती ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडत गेली, एखाद्याने आपल्या नात्यातल्या माणसाचं नाव चुकीचं घ्यावं तशी.

"ते राँग नाहीये आंटी."

"दोन वर्गांची बेरीज आहे ना. त्याला अवयव नसतात."

"असं कोण म्हणालं?"

"तुझे अप्पा."

"अप्पा," ती म्हणाली. एवढंच, पण सोळा वर्षांच्या मुली म्हणतात त्या स्वरात.

तिने खोक्याचं झाकण ओढलं आणि माझ्याकडचं स्केचपेन घेऊन पुठ्ठ्यावर लिहायला लागली. "इथे मिडल टर्म नाही. फोर एक्स स्क्वेअर पाहिजे, म्हणजे परफेक्ट स्क्वेअर होतो. म्हणून घ्यायचा." तिने क्षणभर पेन उचलून धरलं. "आणि परत द्यायचा. वांगु, कुडु. ही लाईन सार लिहू देत नव्हते, तोंडाने म्हणायची. म्हणून वहीत नाही. आता बघा. एक पूर्ण वर्ग, मायनस दुसरा वर्ग. आता मायनस आला की नाही? आता फॅक्टर पडतात."

खाली तेच दोन कंस आले.

"गुणून बघा तुम्ही," ती म्हणाली.

मी पेन घेतलं. तीस वर्षांनी. एकेक पद एकेका पदाशी गुणून मी नऊ पदं लिहिली. तिने कुठली कशाशी जातात ते बोटाने दाखवलं. घनाची दोन एकमेकांना खाऊन गेली. वर्गाची तीन होती, दोन, दोन आणि वजा चार, ती गेली. साध्या एक्सची दोन गेली. टोकाची दोन राहिली. एक्सचा चौथा घात आणि चार.

"मग तुझ्या अप्पांनी..."

"अप्पांचं थोडं बरोबर आहे," भव्या म्हणाली. आता तिला उत्साह आला होता, मी कशाला विचारते आहे ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. "याला रिअल रूट नाही. कुठलीही वास्तव संख्या चौथ्या घाताला नेली की निगेटिव्ह येणारच नाही, त्यात चार मिळवून शून्य कसा होईल? पण रूट नाही म्हणून फॅक्टर नाहीत असं कुठे आहे? हे दोन आहेत ना समोर. आणि एकेक फॅक्टर शून्य धरला की रूट पण येतात. चार. एक अधिक आय, एक वजा आय, वजा एक अधिक आय, वजा एक वजा आय. सगळे कॉम्प्लेक्स. ग्राफवर टाकले तर चौकोन होतो, शून्य मधोमध. आत्ता शाळेत हेच चाललंय. सारांनी एक वर्ष आधी सांगितलं होतं."

मी पेनला टोपण लावलं.

"आंटी, सारांनी हाच सम मला परत दिला होता," ती म्हणाली. "गोलूच्या वेळी."

नवरात्रात त्यांच्याकडे बाहुल्यांची आरास असते, तो गोलू. बाबा दर वर्षी एक दिवस खाली जाऊन वाटीभर सुंडल, म्हणजे हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, खाऊन येत. गेल्या वर्षीही गेले होते. मी कचेरीत होते.

"काय म्हणाले?"

"खिशातून कागद काढला. दोन ब्रॅकेट लिहिलेले. म्हणाले, गुणून दाखव. मला वाटलं टेस्ट घेतायत. मी केलं. म्हणाले, परत कर. मी परत केलं. तेच आलं, एक्सचा चौथा घात अधिक चार. मग म्हणाले, मला पण दर वेळी तेच येतं." ती थांबली. "कागदावर खूप वेळा केलेलं होतं. मागे-पुढे, कडेला. सगळीकडे तेच उत्तर."

"आणि मग?"

"मग काही नाही. कागद घडी करून ठेवला. पाटीला म्हणाले सुंडलला मीठ बरोबर झालंय."

पाटी म्हणजे आजी, सकवारबाई.

मी तारखा जुळवल्या. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तीन आठवडे ते ते दोन कंस गुणत राहिले. उत्तर बरोबर येत होतं. पण मी गुणून पाहिलं आहे, असं मी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या गुणाकारावरचा विश्वास सोडला आणि एका विद्यार्थिनीला विचारायला गेले. तिचंही तेच आलं. त्या दुपारी आरशासारखं लखलखीत त्यांच्यापुढे दोन गोष्टी आल्या असणार. आपण चुकलो नव्हतो. आणि रुचाने पाहिलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी मी आले तेव्हा म्हणाले होते, तुझ्यासाठी सुंडल दिलंय, झाकून ठेवलंय. मी ते उभ्यानेच खाल्लं होतं. त्यानंतर चार महिने मी देत असलेली औषधं ते न बघता घेत. आधी गोळी तळहातावर घेऊन नाव वाचत. मी समजत होते की आजार वाढला.

"विसरले असतील आंटी," भव्या म्हणाली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, ती घाबरली होती. "त्यांना तसं होत होतं ना. जिना चढेपर्यंत विसरले असतील."

ज्या विसरण्याची मी त्या सहा महिन्यांत धास्ती घेतली होती, ते त्या दिवशी वेळेवर आलं असावं, अशी आशा मी आता करत होते. माझ्या बापाच्या मेंदूतला तेवढा कोपरा त्या दहा पायऱ्यांत विझला असावा. मी असं मागू शकते, हे मला माहीत नव्हतं.

मी झाकण फाडून घेतलं आणि खाली गेले. भव्या मागून आली. व्यंकटेश जेवून पेपर वाचत होता. सकवारबाई खिडकीशी फुलं ओवत बसल्या होत्या. मी पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. तो हुशार आहे, त्याला मिनिटही लागलं नाही. मधली पायरी वाचताना त्याचे ओठ हलले आणि मग त्याने पेपर बाजूला ठेवला.

"तो फोर एक्स स्क्वेअर," तो हळू म्हणाला. "मज सुचलें नाहीं."

"काय झालें रे?" सकवारबाईंनी विचारलं.

"सारांचें बरोबर होतें अम्मा. मीच चुकलों."

"तुम्ही शंका घेतलीत," मी म्हटलं. "शंका घ्यायला हरकत नव्हती. ते मला म्हणाले होते, गुणून पाहिलंस का. मी हो म्हटलं. मी पाहिलं नव्हतं."

 सकवारबाईंनी ओवायचं थांबवलं. "पावम," त्या म्हणाल्या. तमिळमध्ये ज्याची कीव येते त्याला म्हणतात. त्या बाबांना म्हणाल्या की मला, ते मी विचारलं नाही.

"अक्का, असें धरूं नका," व्यंकटेश म्हणाला. "स्कॅन होताच कीं. वर्ग किती चालला असता? दोन महिने, फार तर तीन. बंद तर होणारच होता."

"हो," मी म्हटलं. "तेच दोन-तीन महिने."

त्याने मान खाली घातली. त्याचं म्हणणं खरं होतं आणि त्याने काही कमी होत नव्हतं.

"बाकीच्या मुलांच्या घरी काय सांगितलं होतं तेव्हा?" मी विचारलं.

व्यंकटेशने भव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पालकांचा ग्रुप होता. तुम्ही लिहा म्हणालां होतां, म्हणून मींच घातलें. सारांच्यानें आतां सम्स होत नाहींत, मुलांनीं दुसरा क्लास पाहावा."

मी तसं म्हटलं होतं. मला आठवलं. जिन्यातच, चपला घालताना.

"तो ग्रुप आहे अजून?"

"आहे. कोण काढतो."

"मला त्यात घ्या."

त्याने घेतलं. सहा घरं, बारा नावं. शेवटचा निरोप फेब्रुवारीतला होता, बाबा गेल्याचा, आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी तिथेच, सकवारबाईंच्या फुलांच्या टोपलीशेजारी जमिनीवर बसून लिहिलं, इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून. मी सरांची मुलगी. गेल्या सप्टेंबरात एक गणित चुकलं म्हणून त्यांचा वर्ग बंद झाला. ते गणित बरोबर होतं. मी न तपासता ते चूक ठरवलं आणि तपासलं आहे असं सरांना सांगितलं. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी तुमच्या मुलांना चुकीचं काही शिकवलेलं नाही.

व्यंकटेशने वाचलं. "तपासलें असें सांगितलें, तें कशाला अक्का? लोकांस काय करायचें?"

"राहू दे," मी म्हटलं आणि पाठवलं.

रविवारची दुपार, लोक फोन हातात घेऊनच असतात. पाच मिनिटांत सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा आल्या. एकाने हात जोडले. एकीने लिहिलं, सर खूप चांगले होते. मग काही नाही. मी उठणार तेवढ्यात आणखी एक आलं, भीमसेन नावाच्या कुणाचं. त्यांचा मुलगा आता इंजिनिअरिंगला गेला आहे. त्यांनी विचारलं होतं, कुठलं गणित?

त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्यापर्यंत ते कधी पोचलंच नसेल. त्यांना एवढंच कळलं होतं की म्हाताऱ्याच्याने आता होत नाही.

मी उत्तर लिहायला घेतलं. एक्स लिहिला. त्याच्या डोक्यावर चार कसा घालायचा ते मला येईना. भव्याने हात पुढे केला.

"द्या, मी टाकते."

"नको," मी म्हटलं. "कसा करायचा ते सांग. मीच लिहिते."

ती शेजारी मांडी घालून बसली आणि कुठलं बटण दाबून धरायचं ते मला दाखवू लागली. पहिली ओळ झाली. तिसरी काय लिहायची ते मला आता माहीत होतं. मधली बाबांनी लिहू दिली नसती, पण ती मी सगळी लिहिली.